बहिष्काराचा कायदा : आयर्लंड, ब्रह्मदेश आणि आमचे हिंगोली

आमच्या हिंगोली जिल्ह्यातील एका गावाची ही गोष्ट आहे. गावाचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या आपल्या माणसांना अजून त्याच गावात राहायचे आहे. गायरानातली जमीन बौद्ध वस्तीतील काही कुटुंबे वर्षानुवर्षे कसत होती. एका खरिपात उभ्या पिकात जनावरे सोडली गेली. जाब विचारायला गेलेल्या पोरांना जातीवरून शिवीगाळ झाली. आपल्या लोकांनी ठाण्यात तक्रार दिली. तक्रार दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाव गप्प झाले.

किराणा दुकानदार म्हणाला, माल संपला. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटला. डेअरीवर दूध घेईनात. टमटमवाला वस्तीसमोर थांबेना. सोयाबीनच्या काढणीला कुणी बोलावले नाही; पुढे हळद शिजवायचे दिवस आले तेव्हा बाहेरगावचे मजूर टेम्पोत भरून आणले, पण वस्तीतल्या एकाही बाईला हाक मारली नाही. या सगळ्या काळात कुणी कुणाच्या अंगाला हात लावला नाही. शिवी दिली नाही. दगड मारला नाही.

आम्ही वकील म्हणून त्या लोकांसोबत गेलो तेव्हा एका अधिकाऱ्याने आम्हाला सरळ विचारले, "वकीलसाहेब, यात गुन्हा काय? दुकान त्याचे, माल त्याचा. कुणाला विकायचा हा त्याचा प्रश्न. मजूर कुणाला लावायचा हा शेतकऱ्याचा प्रश्न." आम्ही बोललो पुष्कळ, संविधानाचे नाव घेतले, बाबासाहेबांचे नाव घेतले, पण नेमके कलम तोंडावर मारावे तसे मारता आले नाही. गुन्हा नोंदला गेला तो फक्त शिवीगाळीचा. बहिष्काराची ओळही कागदावर आली नाही. पुढे व्हायचे ते झाले. दोन कुटुंबे पुण्याला बांधकामावर गेली. एकाने मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीचा रस्ता धरला. उरलेल्यांनी गावाच्या बैठकीत समझोत्यावर अंगठे दिले. बहिष्कार जिंकला, कायदा हरला, आणि खरे सांगायचे तर आम्हीही हरलो. कारण ज्या कलमाची गरज होती ते कलम त्या वेळी कायद्यात होते. आमच्याच अभ्यासात ते पक्के नव्हते.

त्या पराभवानंतर आम्ही या कलमाचा मागोवा घेत मागे मागे गेलो. तो मार्ग हिंगोलीहून दिल्लीला, दिल्लीहून लंडनला, लंडनहून ब्रह्मदेशात आणि तिथून थेट आयर्लंडच्या एका खेड्यात जाऊन पोहोचतो. आणि या सर्व मार्गावर वाटाड्या म्हणून एकच माणूस भेटतो : डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण घटनाकार म्हणतो, अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, समाजक्रांतिकारक म्हणतो. परंतु जगातील निरनिराळ्या देशांचे कायदे शेजारी शेजारी ठेवून, त्यांचा इतिहास तपासून, त्यातून आपल्या माणसांसाठी हत्यार घडवणारा अभ्यासक म्हणून त्यांची ओळख आपल्या वस्त्यांत फारशी करून दिली जात नाही. आज विद्यापीठांतून जागतिक आणि तौलनिक विधी-इतिहास या नावाने मोठमोठे संशोधन चालते. कायदा एका देशातून दुसऱ्या देशात कसा जातो, जाताना त्याचा अर्थ कसा बदलतो, याचा तो अभ्यास. बाबासाहेबांनी हे काम १९३० सालीच करून ठेवले आहे. तेही पदवीसाठी नव्हे, तर अस्पृश्यांच्या पोटापाण्यासाठी.

नोव्हेंबर १९३० मध्ये लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. तिथे बाबासाहेब आणि मद्रासचे रावबहादूर रेट्टामलई श्रीनिवासन या दोघांनी अस्पृश्य वर्गाच्या संरक्षणाची एक योजना अल्पसंख्याकांच्या उपसमितीपुढे ठेवली. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या दुसऱ्या खंडात ती आहे. वसंत मून यांनी संपादिलेला हा खंड आपल्या पुष्कळ बुद्धविहारांच्या कपाटात असतो. तो उघडून पाहावा. प्रत्येक मागणीसोबत ती कुठल्या देशाच्या कुठल्या कायद्यावरून घेतली, याची नोंद बाबासाहेबांनी केलेली आहे. समान नागरिकत्वाची मागणी अमेरिकेच्या संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीवरून आणि १९२० च्या आयर्लंड सरकारच्या कायद्यावरून. हक्कांच्या मोकळ्या उपभोगाची मागणी अमेरिकेतील १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून. अस्पृश्यांच्या हिताकडे दुर्लक्ष झाले तर वरच्या सत्तेकडे अपील करण्याची सोय कॅनडाच्या १८६७ च्या कायद्यावरून. आणि सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारी मागणी १९२२ च्या ब्रह्मदेशाच्या बहिष्कार-विरोधी कायद्यावरून.

ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्या माणसांचा प्रतिनिधी लंडनच्या मेजावर तीन खंडांचे कायदे मांडून बोलत होता. आम्हाला दया नको, जगाने इतरांना जे दिले तेच आम्हाला द्या, असा त्या मांडणीचा रोख होता.

आता या प्रत्येक कायद्याची जन्मकथा पाहू. कारण जन्मकथा कळल्याशिवाय कायद्याची धार कळत नाही.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर १८६५ साली गुलामगिरी घटनेने बंद झाली. पण दक्षिणेतील गोऱ्या मळेवाल्यांनी लगेच काळ्यांना बांधून ठेवणारे नवे कायदे केले. त्याला उत्तर म्हणून ९ एप्रिल १८६६ चा नागरी हक्क कायदा आला, १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि १ मार्च १८७५ च्या कायद्याने खाणावळी, वाहने, नाटकगृहे सर्वांना खुली केली. आपल्या महाराष्ट्रात याच सुमारास, १८७३ साली, महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. आपल्या दुःखाची जगाच्या दुःखाशी तुलना करण्याची परंपरा अशी जोतिरावांपासून आहे.

परंतु १८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा कायदा रद्द केला. कारण दिले ते असे की, चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला नाही. हॉटेलवाल्याने काळ्या माणसाला हाकलले तर तो त्याचा खासगी व्यवहार. नऊपैकी एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात उभे राहिले. वाचक बांधवांनी हे कारण आमच्या त्या अधिकाऱ्याच्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावे. "दुकान त्याचे, माल त्याचा." वॉशिंग्टनमध्ये १८८३ साली जो युक्तिवाद झाला तोच आमच्या जिल्ह्यातल्या ठाण्यात झाला. विषमतेला देश नसतो आणि तिचे वकीलही सगळीकडे सारखेच बोलतात.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेमची काळी वस्ती तिथून जवळ. अमेरिकन संविधानाची ही फट त्यांना पक्की ठाऊक होती. म्हणूनच आपल्या संविधानातील अनुच्छेद १५(२) दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, घाट यांची नावे घेऊन बोलतो. आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट करताना 'राज्य' हा शब्दच वापरत नाही. तो सर्वांनाच बांधतो. सरकारला, दुकानदाराला, पाटलाला आणि पुजाऱ्याला. आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले की अनुच्छेद १७ आणि वेठबिगारीविरुद्धचा अनुच्छेद २३ हे खासगी व्यक्तींविरुद्धही चालतात. अमेरिकेला ही फट बुजवायला १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले, आणि तीही व्यापारविषयक अधिकाराच्या आडवाटेने बुजवावी लागली. आपल्याकडे ती २६ जानेवारी १९५० पासूनच बुजलेली आहे. ज्यांना बाबासाहेबांनी केवळ परदेशी कलमे उचलली असे वाटते, त्यांनी हा फरक नीट वाचावा. नक्कल करणारा माणूस दोषासकट नक्कल करतो. बाबासाहेबांनी दोष आधी शोधला.

आता बहिष्काराकडे येऊ. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट. १८८० साली खंड कमी करा म्हणून कुळांनी मागणी केली. त्याने घालवून देण्याच्या नोटिसा काढल्या. तेव्हा लँड लीगच्या सांगण्यावरून सगळ्या गावाने त्याला वाळीत टाकले. शेतावर मजूर जाईना, दुकानदार माल देईना, टपाल पोहोचेना. शेवटी त्याचे पीक काढायला उत्तरेतून सुमारे पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला शेकडो सैनिक. कॅप्टन देश सोडून गेला.

म्हणजे बहिष्कार हे मुळात, या नावाखाली तरी, दुबळ्याचे हत्यार होते. खालून वर चालवलेले. इंग्रज सरकारने ते मोडायला कायदे केले. १८८७ च्या आयर्लंडसाठीच्या फौजदारी कायद्यात, दुसऱ्याशी नेहमीच्या व्यापार-धंद्याच्या रीतीने व्यवहार करू नये, त्याच्याकडे काम करू नये, त्याला कामाला लावू नये, यासाठी लोकांना भाग पाडण्याचा कट हा गुन्हा ठरवला गेला. पुढे १९२२ साली, ब्रह्मदेश हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत असताना, तिथे बहिष्कार-विरोधी कायदा झाला. तिथल्या राष्ट्रवादी संघटनांनी नव्या सुधारणांवर आणि सरकारला साथ देणाऱ्यांवर बहिष्कार घातला होता. त्यांना आवरण्यासाठी तो कायदा. थोडक्यात, दोन्ही कायदे सत्तेने जनतेविरुद्ध केलेले.

बाबासाहेबांनी हा सत्तेचा कायदा उचलला आणि त्याचे तोंड फिरवले. कारण आपल्या गावगाड्यात बहिष्कार वरून खाली चालतो. मेयोमध्ये हजार कुळांनी एका कारभाऱ्याला वाळीत टाकले. इथे जमीन, दुकान, गिरणी, पाणी, रस्ता हे सगळे हातात असलेले गाव पंचवीस घरांच्या वस्तीला वाळीत टाकते. हत्यार तेच, पण कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या मानेवर आहे हे पाहिल्याशिवाय न्याय होत नाही. बाबासाहेबांनी ते पाहिले होते. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते स्वतः सदस्य होते. अस्पृश्यांनी आपला हक्क बजावायला सुरुवात करताच गाव त्यांना कामावरून काढते, कसायला दिलेली जमीन काढून घेते, वाण्याला माल विकू देत नाही, वाट बंद करते, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नमूद आहे. महाडच्या सत्याग्रहानंतर आपल्या लोकांनी हे सर्व भोगलेही होते. त्यांनी १९२४ मध्ये काढलेल्या सभेचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ मध्ये काढलेल्या पाक्षिकाचे नाव 'बहिष्कृत भारत' ठेवले, ते उगाच नव्हे.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. सवर्णांतही बहिष्कार होता; त्याला ग्रामण्य म्हणत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे-टिळकांसारख्या बड्या माणसांवर ग्रामण्य आले. परंतु तिथे प्रायश्चित्ताची वाट होती. प्रायश्चित्त घेतले की माणूस पुन्हा पंक्तीत. आपल्यावरच्या बहिष्काराला प्रायश्चित्त नाही. तो उठतो एकाच अटीवर : तक्रार मागे घ्या, जमीन सोडा, मान खाली घाला. तो जातीबाहेर टाकण्यासाठी नसतो, जातीत म्हणजे जातीच्या जागेवर परत बसवण्यासाठी असतो.

१९३० च्या योजनेत बाबासाहेबांनी बहिष्काराची व्याख्या दिली. घर वा जमीन देण्या-वापरण्यास नकार; कामाला लावण्यास वा काम करण्यास नकार; व्यवहार करण्यास नकार; धंद्याच्या नेहमीच्या रीतीत ज्या अटींवर गोष्टी होतात त्या अटींवर त्या करण्यास नकार; एरवी ठेवले असते ते सामाजिक वा व्यावसायिक संबंध तोडणे. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीला सादर केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी ही मागणी पुन्हा मांडली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याच्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात हीच व्याख्या जवळजवळ त्याच शब्दांत उतरली. तोच कायदा १९७६ च्या दुरुस्तीनंतर नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला तेव्हा मात्र बहिष्कार त्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून नव्हता. ही उणीव २०१५ च्या दुरुस्तीने भरून काढली. ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम २ मध्ये आर्थिक बहिष्कार आणि सामाजिक बहिष्कार यांच्या व्याख्या आल्या आणि कलम ३(१)(झेड-सी) ने अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर, कुटुंबावर वा समूहावर बहिष्कार घालणे किंवा तशी नुसती धमकी देणे हा सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचा गुन्हा ठरला.

धंद्याच्या नेहमीच्या रीतीतल्या अटी हा शब्दप्रयोग पाहा. तो आयरिश कुळांना दडपायला जन्मला, ब्रह्मी राष्ट्रवाद्यांवर वापरला गेला, बाबासाहेबांच्या हातून लंडनच्या मेजावर आला, आणि आज हिंगोलीच्या किराणा दुकानासमोर रिकामी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या आईच्या बाजूने बोलतो. दुकानदार इतर सर्वांना ज्या अटीवर साखर देतो त्याच अटीवर तिला देत नसेल, तर शिवी लागत नाही, मार लागत नाही. नकार हाच गुन्हा आहे. आम्हाला त्या दिवशी त्या अधिकाऱ्याला हे उत्तर द्यायचे होते. ते सहा वर्षांचे नव्हे, नव्वद वर्षांचे उत्तर होते, आणि ते आमच्या बापाने लिहून ठेवले होते.

मराठवाड्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. १९३० साली बाबासाहेब ब्रिटिश हिंदुस्थानच्या भावी घटनेसाठी भांडत होते तेव्हा आमचे आजोबा निजामाची प्रजा होते. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यात होती. आमचा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. हैदराबाद संस्थानचे कायदे वेगळे, कचेरीची भाषा उर्दू, साल फसली. अस्पृश्यांच्या सामाजिक निर्बंधांविरुद्ध आणि मंदिरप्रवेशासाठी हैदराबादचे जे दोन विनियम पुढे १९५५ च्या कायद्याने रद्द करून स्वतःत सामावून घेतले, त्यांच्यावर साल आहे १३५८ फसली, म्हणजे १९४८-४९. पोलीस कारवाईनंतरचे. मुंबई प्रांतात सामाजिक निर्बंध दूर करणारा तसा कायदा १९४६ सालीच झाला होता. महाडच्या तळ्याचा दिवाणी दावा तर १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात आपण जिंकलो होतो. तिथे सवर्णांचा आधार होता अनादी वहिवाटीचा. वहिवाट अनादी असल्याशिवाय कायदा ठरत नाही, हा इंग्रजी विधी-परंपरेतला जुना दंडक. तळे नगरपालिकेचे, मग विटाळाची वहिवाट अनादी कशी? ती शाबीत झाली नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे रूढीचा डोंगर बाबासाहेबांनी कायद्याच्या इतिहासाच्या सुरुंगाने फोडला. मराठवाड्यातल्या आपल्या माणसाला मात्र ती कोर्टाची पायरीसुद्धा उशिरा दिसली. १९७८ च्या नामांतराच्या काळात परभणी-नांदेडच्या खेड्यांतून वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे, जनार्दन मवाडे शहीद झाले. त्या आगीचा इतिहास लिहिला गेला. पण आगीआधी आणि आगीनंतर जे बहिष्कार पडले, ज्यांनी माणसे मुकाट गाव सोडून गेली, त्यांची नोंद कुठल्याच ठाण्यात नाही. जे नोंदले जात नाही त्याचा इतिहास होत नाही, आणि ज्याचा इतिहास नाही त्याला न्यायालयात पुरावा म्हणत नाहीत.

तरीही केवळ कलम पाठ करून भागणार नाही. तुलना आणखी एक धडा देते, आणि तो कडू आहे. आयर्लंडच्या कुळांना बहिष्कारानंतर काय मिळाले? १८८१ चा जमीन कायदा, आणि पुढे १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर जमिनीची खरेदी. जमीन कुळांच्या नावावर झाली. अमेरिकेच्या काळ्यांना काय मिळाले? १८६५ च्या जानेवारीत सेनापती शर्मनने किनाऱ्यालगतची जमीन मुक्त गुलामांना चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने ती जमीन मळेवाल्यांना परत देवविली. जमीन गेली, पाठोपाठ मताचा हक्क गेला, नागरी हक्क कायदा गेला. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याचा हक्क टिकला. ज्याच्या नाही, त्याचा कागदावर राहिला.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. म्हणून 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बहिष्काराच्या कलमासोबत शेतीच्या राष्ट्रीयीकरणाची मागणी आहे. म्हणून १९५३ साली मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला आणि म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली देशभर जेल भरले. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. सातबाऱ्यावर नाव चढायला मात्र पिढ्या जात आहेत. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले. त्याच निकालात शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीचा अपवाद नमूद आहे, ही ओळ गावपुढारी आणि तलाठी वाचून दाखवत नाहीत. ती आपण वाचली पाहिजे. कारण आमच्या त्या गावात बहिष्कार पडला तो शिवीगाळीच्या तक्रारीसाठी नव्हेच. तो गायरानासाठी होता.

तेव्हा आमची कार्यकर्त्यांना आणि तरुण वकील बांधवांना विनंती आहे. बहिष्कार पडला की पहिल्या दिवसापासून वही घाला. कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, कुणी, कोणती वस्तू नाकारली, त्याच वेळी दुसऱ्याला दिली काय, सोबत कोण होते, हे लिहा. दवंडी दिली असेल, बैठक झाली असेल, मोबाईलच्या ग्रुपवर संदेश फिरला असेल तर तो जपून ठेवा. फिर्यादीत बहिष्कार हा शब्द आणि कलम ३(१)(झेड-सी) दोन्ही लिहून घ्या. लिहिले नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी कलम ४ आहे याची आठवण द्या. जमिनीच्या वा अन्य वादातून समूहाने गुन्हा केला असे सिद्ध झाले, तर समान उद्देश गृहीत धरावा असे कलम ८ सांगते. आरोपी कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती हेही तेच कलम गृहीत धरते. तक्रारदार बौद्ध आहे म्हणून तो अनुसूचित जातीचा नाही, असा बचाव अजूनही केला जातो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना अनुसूचित जाती म्हणून मान्यता दिलेली आहे, जातीचा दाखला त्याप्रमाणे तयार ठेवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे या गुन्ह्यात पीडिताला इतरांच्या बरोबरीने सर्व सेवा पुरवणे आणि दोषारोपपत्र गेल्यावर एक लाख रुपये देणे हे शासनाचे काम आहे. ते मागून घ्या. गिरणी बंद असेल तर दळण आणून देणे हे प्रशासनाचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तो चांगलाच आहे. पण गावाने वस्तीवर घातलेल्या बहिष्कारात ठाणेदार जर केवळ तोच कायदा पुढे करू लागला, तर सावध राहा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार त्याला नाही. तिथे अटकपूर्व जामिनाला कलम १८ आडवे येते, ते इथे येत नाही.

१९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे विद्वान नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहिले होते. काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या. द्यु बॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. इथल्या संविधानाची तयारी चाललेली असताना हा माणूस सातासमुद्रापलीकडच्या दलितांचा कागद मागवून वाचत होता. आपण निदान आपल्याच जिल्ह्यातल्या प्रकरणांचे निकाल मागवून वाचावेत, एवढी अपेक्षा चूक नाही.

पुण्याला गेलेल्या त्या दोन कुटुंबांपैकी एकातील मुलगी आता कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. मागे ती भेटली तेव्हा आम्ही तिला दुसऱ्या खंडातील ती पाने दिली. ब्रह्मदेशाच्या कायद्याची नोंद तिने दोनदा वाचली आणि विचारले, "काका, हे तेव्हा तुमच्याकडे नव्हते का?" होते. कपाटात होते. आमच्यापुरते आम्ही एवढे ठरवले आहे की यापुढे ते बॅगेत राहील.